फणसाची जुनी दारं आणि प्लायचं नवं कपाट: गुण्यात कोणाला आणायचं?

आजोळची (पुणे)

गुहागरजवळ माझं आजोळ. तिथल्या माजघराच्या भिंतीत एक फडताळ होतं. आजीचं मीठ, चिंचेचे गोळे, लोणच्याच्या बरण्या त्यात असायच्या. गेल्या वर्षी ते घर उतरवलं. मामाने विचारलं, तुला यातलं काय हवं? मी फडताळाची दोन दारं मागून घेतली. १९६२ ची, फणसाची, गावातल्याच सुताराने केलेली. प्रत्येक दाराला चार बाजूंनी चौकट आणि मधे फळी. वर हिरवा ऑइलपेंट आहे, पण एक बिजागरी निखळली होती, तिच्याखाली रंग पोचला नव्हता. तिथे लाकूड जुन्या मधासारखं दिसतं.

या दारांसाठी कपाट स्वतःच्या हातांनी करायचं असं ठरवून जूनपासून धायरीला एका वर्कशॉपमध्ये रविवारचा वर्ग लावला आहे. दहा रविवार, सकाळी दहा ते एक, आम्ही नऊ जण. मी एका शाळेत हिशेबाचं काम बघते, वय ४९, सुतारकामाचं एकही हत्यार याआधी हातात धरलेलं नव्हतं.

पहिला अख्खा रविवार पटाशीला धार लावण्यात गेला. काचेवर पॉलिश पेपर चिकटवायचा, २५ अंशाचा उतार धरायचा आणि घासत राहायचं, पात्याच्या पाठीला बोट लावल्यावर अगदी बारीक कोर लागेपर्यंत. ती कोर लागली की पटाशी उलटी करून दोन हात मारायचे, कोर निघून जाते. मला दीड तास लागला. मग पाईनच्या तुकड्यावर पटाशी चालवली. सकाळी त्याच पटाशीने लाकूड चुरगळत होतं, आता कापलेल्या जागी चकाकी आली. तेव्हापासून रविवारची वाट बघते आहे.

दुसऱ्या रविवारी रंधा. तिसऱ्या रविवारी मापं. ८ बाय ४ च्या प्लायवर तुकडे मांडताना पात्याची जाडी, म्हणजे ३ मिलिमीटर, प्रत्येक कापाला धरायची असते. मी ती धरली नव्हती आणि चौथ्या तुकड्याला ९ मिलिमीटर कमी पडत होते. सरांनी कागदावरच पकडलं म्हणून प्लाय वाचली.

माझं कपाट असं: १८ मिलिमीटर प्लाय, बाहेरून ६१८ रुंद, ७५८ उंच, ३५० खोल. दारं बाजूंच्या आत बसणारी, कारण आजोळी ती भिंतीच्या चौकटीत तशीच बसायची.

पाचव्या रविवारी खोका जोडला. कडांना फेव्हिकॉल, दोन इंची स्क्रू, वरून तीन लांब क्लॅम्प. एक वाजत आला होता, पुढच्या तुकडीची मुलं दारात उभी होती. मी क्लॅम्प आवळले आणि निघाले. कर्ण मोजले नाहीत; दोन्ही सारखे भरले तरच खोका गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतो. पुढच्या रविवारी मोजले तर एक ९८१ आणि दुसरा ९७४. तोवर सांधे वाळून दगड झाले होते.

त्यात दारंही गुण्यात नाहीत. डावं दार वर २९१ रुंद, खाली २८७. उजवं वर २८७, खाली २९१. उंची दोन्हींची ७१८, जाडी २२.

वर्गातले सर म्हणतात, मागची ६ मिलिमीटरची प्लाय मारताना खोका थोडा ओढला जाईल, उरलेलं दारांना रंधा मारून जुळवून घ्या. सर मनापासून शिकवतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण या दारांना रंधा लावायला माझा हात धजत नाही. डाव्या दाराच्या मधल्या कडेवर, माझ्या कोपराच्या उंचीला, बोटभर जागा झिजून गुळगुळीत झाली आहे. आजी तिथेच धरून दार ओढायची. रंधा सगळ्यात आधी तीच जागा खाईल.

तर प्रश्न दोन. कपाट दारांप्रमाणे करायचं की दारं कपाटाप्रमाणे? आणि वाळलेला सांधा सोडवता येतो का?

---

तिसरी_पिढी (कुडाळ)

ताई, दारांना रंधा लावू नका. फणस नवीन असताना पिवळाधमक असतो, हवा-उजेड लागून वर्षानुवर्षं तपकिरी होत जातो. रंधा मारला की आतला फिकट पट्टा उघडा पडणार आणि तो बाकीच्या दाराशी जुळायला तुमची-माझी निम्मी हयात जाईल.

सांधा सुटतो. आधी सगळे स्क्रू काढा, एकही विसरू नका, नाहीतर करवतीचे दात जातील. मग बारीक दातांची पातळ करवत घ्या, वर जाड पाठ नसलेली, कारण पाठ सांध्यात अडकते. पातं फेव्हिकॉलच्या रेघेत ठेवून सावकाश कापत जा. चारही सांधे. हातोडीने ठोकून उघडायला जाऊ नका, प्लायचे थर सोलून निघतात. कापण्यात प्रत्येक टोकाचा एखादा मिलिमीटर जाईल, जाऊ दे.

वाकडं कशामुळे झालं ते आधी बघा. समोरासमोरच्या बाजू सारख्या मापाच्या आहेत का? असतील तर कापणी बरोबर आहे आणि चूक क्लॅम्पची. दोन जबडे समोरासमोर नसले की दाब तिरका जातो आणि ओल्या फेव्हिकॉलवर खोका सरकतो. तेव्हाच लांब कर्णावर एक क्लॅम्प तिरका टाकून हळूहळू आवळला असतात तर दोन मिनिटांत जागेवर आला असता.

आमच्याकडे कर्णाला टेप लावत नाहीत. दोन टोकदार पट्ट्या एकमेकींवर धरायच्या, टोकं समोरासमोरच्या कोपऱ्यांत घुसेपर्यंत सरकवायच्या, जिथे एकमेकींवर येतात तिथे पेन्सिलीची रेघ. मग त्याच पट्ट्या दुसऱ्या कर्णात. रेघ जुळली तर गुण्यात. माझ्या आजोबांना आकडे वाचता येत नव्हते, पण त्यांची कपाटं आजही आमच्या वाडीत उभी आहेत.

आणि बिजागरी प्लायच्या कडेत मारू नका. कडेत थर फाकतात आणि वर्षभरात स्क्रू सैल होतो. समोरून सागाच्या पट्ट्या लावा, बिजागरी सागात जाऊ दे. पितळी स्क्रू असतील तर पहिल्यांदा त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढून घ्या, मग पितळीला साबण लावून फिरवा. पितळ मऊ असतं. एकदम पिळलात तर डोकं तुटून हातात येतं आणि बाकीचा आत राहतो.

बिजागऱ्या दारांवर अजून असतील तर एक काम करा. काढल्यावर खाचेत पटाशीचे बारीक काप दिसतात का ते बघा. मला सांगा.

---

एडिसनकर

नमस्कार. मी न्यू जर्सीत असतो. गेल्या हिवाळ्यात इथल्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गात स्वयंपाकघरातलं एक कपाट केलं, त्यामुळे तुमचं दुखणं अगदी जवळून ओळखतो. माझा पहिला खोकाही घाईच्या शेवटच्या दहा मिनिटांतच बिघडला होता.

कुडाळचे दादा सागाच्या पट्ट्या म्हणतायत, त्याला इथे फेस फ्रेम म्हणतात आणि अमेरिकेतली जुन्या वळणाची कपाटं तशीच असतात. प्लायचा खोका, त्याच्या तोंडावर सॉलिड लाकडाची चौकट, दारं त्या चौकटीला. युरोपीय पद्धतीत चौकट नसते. दार सरळ बाजूच्या फळीला लागतं आणि त्यासाठी दाराच्या पाठीला ३५ मिलिमीटर व्यासाचं भोक पाडतात. पुण्यातली मॉड्युलर किचन बहुतेक याच पद्धतीची. तुमच्या वर्गात बहुतेक तीच शिकवत असतील, म्हणून सरांना दारं बदलणं सोपं वाटलं असावं. तुमच्या दारांना असलं भोक पाडू नका. जुन्या बिजागऱ्या आणि त्यांच्या खाचा आहेतच, त्याच वापरा.

मला काळजी रंगाची वाटते. अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं. भारतात ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग शिशाची, मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. १९६२ च्या दारावरच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं असं धरूनच चाला. कोरडा पॉलिश पेपर मारू नका, ती धूळ घरभर बसते. रंग काढायचं केमिकल लावून ओला असतानाच खरवडा, तोंडाला चांगला मास्क, हातात मोजे, खाली प्लास्टिक, आणि खरवडलेलं सगळं पिशवीत बंद. घरात लहान मूल असेल तर हे काम घराबाहेर करा.

---

आजोळची

दोघांचेही आभार. बाजू मोजल्या: ६१८ आणि ६१८, ७५८ आणि ७५८. म्हणजे क्लॅम्पच तिरका होता.

रंगाचं माझ्या डोक्यातच नव्हतं. गेल्या आठवड्यात मी एक कोपरा कोरडाच घासला होता. ती जागा ओल्या फडक्याने पुसून घेतली, आता पाऊस संपेपर्यंत रंगाला हात लावत नाही.

चौकटीचं पटलं. पण मग चौकट तरी कशी करायची? दारं वाकडी आहेत म्हणून तीही वाकडी?

---

शिल्पनिदेशक (निवृत्त)

मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवत असे. ताई, तुम्ही हिशेबाचं काम करता ना, मग तुमचेच आकडे एकाखाली एक मांडा. वर २९१ आणि २८७, बेरीज ५७८. खाली २८७ आणि २९१, बेरीज ५७८.

दोन्ही दारं मिळून एक सरळ जोडी आहे. तुम्ही ती सुटी सुटी मोजलीत. फरशीवर चादर अंथरा, दारं जशी लागतात तशी शेजारी ठेवा आणि जोडीचे बाहेरचे कर्ण घ्या. ५७८ आणि ७१८ चा कर्ण ९२१.७ येतो. दोन्हीकडून ९२२ च्या आसपास आलं तर बाहेरच्या चारही कडा गुण्यात आहेत, तिरकी आहे ती फक्त मधली रेघ. सव्वादोन फुटांच्या उंचीत ४ मिलिमीटरचा तिरकेपणा समोर बसून बघणाऱ्यालाही जाणवत नाही. तुमच्या आजीने कधी म्हटलं होतं का, की दार वाकडं आहे?

आता खोका. कर्णांत ७ चा फरक म्हणजे तुमच्या मापाला वरचा भाग खालच्यापेक्षा साडेपाच मिलिमीटर बाजूला गेलेला. बाजू झुकल्या की त्यांना लावलेली दारंही झुकतात. एका दाराची मधली कड खाली उतरते, दुसऱ्याची वर चढते, २९० रुंदीला प्रत्येकी २ मिलिमीटर. मधोमध ४ मिलिमीटरची पायरी दिसते आणि ती नजरेला फार खुपते. ती घालवायला दारांना रंधा मारत बसलात तर वर-खाली फटी वाढत जातील. मागच्या प्लायने खोका सरळ होतो हे खरं, पण फेव्हिकॉल ओला असताना आणि फरक थोडा असताना.

कपाट कुठे ठेवणार ते सांगितलं नाहीत. कोनाड्यात जाणार असेल तर खोका आहे तसा ठेवा, चौकट स्वतंत्रपणे गुण्यात करा आणि तोंडावर बसवा, दारं सरळ लागतील. बाजू उघड्या राहणार असतील तर मात्र चौकट वर एकीकडे बाहेर आलेली आणि दुसरीकडे आत गेलेली दिसेल. मग कुडाळच्यांनी सांगितलं तसं चारही सांधे कापा.

चौकटीचं आतलं माप: रुंदी ५८४, म्हणजे दोन्ही कडांना दोन दोन आणि मधे दोन. उंची ७२२. आत्ता श्रावण चालू आहे, लाकूड फुगलेलं आहे. मार्च-एप्रिलमध्ये याच फटी जरा मोठ्या दिसतील, म्हणून आत्ता याहून जास्त ठेवू नका. हेच माप तुम्ही मे महिन्यात घेतलं असतं तर मी तीन तीन सांगितलं असतं. लाकूड आडवं फुगतं, उभं जवळपास नाहीच. दाराची मधली फळी खाचेत सैल असते ती यासाठीच. ती हलते म्हणून कोणी फेव्हिकॉल घालायला सांगितलं तर ऐकू नका, पहिल्याच पावसाळ्यात चौकट फाकेल किंवा फळी तडकेल.

चौकटीची जाडी दाराएवढी, २२. कोपऱ्यांचे सांधे कुसू आणि खाचेचे, म्हणजे एका पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ (कुसू) दुसरीच्या खाचेत. कुसवाची जाडी लाकडाच्या एक तृतीयांश, म्हणजे ७ ते ८ मिलिमीटर. आधी खाच पाडा, मग कुसू खाचेप्रमाणे बारीक करत आणा. उलट केलंत तर रुंद झालेल्या खाचेला इलाज नाही. कुसू हाताच्या दाबाने आत जायला हवा, ठोकावा लागला तर जाड आहे, आपोआप गळून पडला तर पातळ.

---

तिसरी_पिढी (कुडाळ)

सरांशी सहमत. जोडीचं माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

सांधे कापल्यावर खोक्याची आतली रुंदी ५८० होईल आणि चौकट ५८४, त्याने घाबरू नका. प्लायची कड दोन्हीकडे दोन दोन मिलिमीटर आत डोकावेल, पण कडेची फटही दोनचीच आहे, म्हणून दार तिला टेकणार नाही. दार थांबायला आत वेगळी ठोकळी मारा.

परत जोडताना आधी फेव्हिकॉलशिवाय सगळं सुकं जोडा, क्लॅम्प लावा, कर्ण बघा. मग सोडवून फेव्हिकॉल. आणि एक वाजला तरी कोणाला दारात उभं राहू दे, कर्ण बघितल्याशिवाय उठायचं नाही.

---

आजोळची

तीन रविवार झाले, म्हणून एकदम लिहिते.

त्याच संध्याकाळी चादर अंथरून दारं शेजारी ठेवली. एक कर्ण ९२२, दुसरा ९२२. मी दोनदा मोजलं, मग टेप मुलीच्या हातात देऊन तिला मोजायला लावलं. तीही ९२२ म्हणाली. इतके दिवस मी ही दारं वाकडी म्हणत होते आणि साठ वर्षांपूर्वी कोणीतरी ती इतकी नेमकी करून ठेवली होती.

कपाट हॉलमध्ये ठेवायचं आहे, दोन्ही बाजू दिसणार, म्हणून सांधे कापले. चार सांध्यांना अख्खा रविवार गेला. मी सरांना तुमची उत्तरं मोबाईलवर दाखवली. त्यांनी बेरजेपाशी बोट ठेवून दोनदा वाचलं, दारांना रंधा मारायचं सांगणं मागे घेतलं आणि दुसऱ्या बाजूने खोका धरायला स्वतः बसले. एका सांध्यात प्लायचा वरचा थर रुपयाएवढा सोलला गेला, तो आतल्या बाजूला येतो. परत जोडताना पट्ट्यांनीच कर्ण बघितले. पेन्सिलीची रेघ पहिल्यांदा दोन केसांएवढी हुकली, लांब कर्णावर क्लॅम्प टाकून अर्धा पीळ दिला, जुळली. तो अर्धा पीळ देताना खोका हलताना दिसत नाही, फक्त रेघ सरकते.

चौकट सागाची. पहिला कुसू पातळ झाला, गळून पडला, ती पट्टी फुकट गेली. बाकीचे तीन आणि पुन्हा केलेला तो एक, हाताच्या दाबाने बसले.

आता बिजागऱ्यांचं. जागेवर होत्या त्या तीन काढल्या आणि आधी निखळलेली चौथी ज्या डब्यात होती त्यातच टाकून दिल्या. कोणती कुठली ते लिहून ठेवलं नाही. लावायला घेतल्या तेव्हा लक्षात आलं की चारही दिसायला सारख्या असल्या तरी स्क्रूची भोकं प्रत्येकीची थोडी वेगळ्या जागी आहेत, हाताने पाडलेली. मग कुडाळच्या दादांचं आठवलं आणि खाचेत बॅटरी मारली. डाव्या दाराच्या वरच्या खाचेत पटाशीचा एक काप. खालच्या खाचेत दोन. उजव्या दाराला तीन आणि चार. बिजागऱ्यांची पाठ चिंचेने घासली तर तिथे कानशीचे तेच काप: एक, दोन, तीन, चार. त्याप्रमाणे लावल्या. सगळी भोकं जुन्या भोकांवर आली, दारांमध्ये एकही नवं भोक पाडावं लागलं नाही. सागात आधी लोखंडी स्क्रू फिरवला, मग पितळी साबण लावून. एकही तुटला नाही.

दारं लागली. मधे पायरी नाही. डावं दार उघडायला मी नकळत त्या झिजलेल्या जागेवरच हात ठेवला.

रंग अजून हिरवाच आहे, तो दिवाळीनंतर गॅलरीत, केमिकल लावून. आतली फळी राहिली आहे. खालच्या कप्प्याची उंची ३२० धरते आहे, आजीची मोठी बरणी झाकणासकट २९५ भरते आणि ती काढताना हात जायला हवा.